शिगेसकट चार कप

माझ्या सासूबाईंच्या कपाला कान नाही, म्हणून त्याचं नाव बहिरा. पांढरा, जाड बुडाचा, कॉफीचा मोठा कप. काठाला एक टवका उडालेला. चौतीस वर्षं आई त्याच कपाने मैदा मोजत आल्या आहेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बनचं दुकान आहे. दुकान कसलं, एक ओव्हन, एक लांब टेबल आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. एखाद्या दिवशी बन कमी फुगले की आई म्हणतात, "बहिऱ्याला आज नीट ऐकू गेलं नाही." गिऱ्हाईक हसतं आणि तेच बन घेऊन जातं.

मी त्यांची सून. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर मी जे मोजते ते थेंबापेक्षाही कमी असतं, आणि घरी आले की ही बाई 'अंदाजे', 'हाताला कळतं', 'दिसेल तसं' या भाषेत बोलणार. मी फटकळ, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, चिडल्या की पीठ जास्त वेळ मळतात. त्यामुळे आमचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी बन फार मऊ होतात, हे आता गल्लीलाही माहीत झालंय.

आई मामाकडे वाढल्या. मामी वाईट नव्हती म्हणे, पण हात आखडता. रोज सकाळी ती डब्यातून एकेकाच्या वाट्याचं पीठ माप भरून काढायची. यांचं माप भरलं की त्यावरून तर्जनी फिरवायची आणि वर आलेलं पीठ परत डब्यात. स्वतःच्या मुलांच्या मापावरून ते बोट कधी फिरलं नाही. आई तेव्हा सात वर्षांच्या होत्या, पण ते बोट त्यांना अजून दिसतं. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून वीसदा तरी ऐकली असेन. शेवटी त्या "मापात पाप नको गं" म्हणायच्या आणि मी मोबाइलकडे बघत "हो ना" म्हणायचे.

सोळाव्या वर्षी त्या एका बेकरीत ट्रे घासायला लागल्या. तिथल्या भट्टीवाल्याने कान तुटलेला कप फेकायला दिला, तो यांनी पिशवीत घालून घरी आणला. बघून बघून बन शिकल्या. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, सासरे लवकर गेले. मुलाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, माझ्यासारखी सून पदरात पडली तरी तक्रार केली नाही. वजनकाटा मात्र टेबलावर येऊ दिला नाही. म्हणायच्या, "काट्याला काय कळतं, कुणाला किती भूक आहे ते."

आमची मुलगी नऊ वर्षांची. साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून आजीने तिचं नाव ठेवलं मुंगी. गेल्या वर्षी मुंगी अचानक वाळायला लागली. सारखं पाणी प्यायची, शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. रक्त मीच काढलं, आमच्याच लॅबमध्ये लावलं. मशीनवर आकडा आला तेव्हा मी तो तीनदा तपासला. चौथ्यांदा लावायला गेले तर शेजारच्या टेबलावरचीने माझा हात धरला.

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण म्हणजे गणित झालं. मुंगी जे खाणार त्यात कार्बोहायड्रेट किती ग्रॅम, ते आधी काढायचं. पंधरा ग्रॅमला एक युनिट इन्शुलिन. कमी पडलं की शुगर चढणार, जास्त झालं की उतरणार. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "चढली तर आपल्या हातात वेळ असतो. उतरली तर वेळ नसतो." ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मी लॅबमध्ये असले तरी एक डोळा फोनवर असायचा.

पहिला महिना मी आजीचा बन बंद केला. मुंगी रडली नाही. फक्त दुकानाच्या टेबलापाशी उभी राहून वास घ्यायची. तेव्हा आई पाठ करून उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, नातीला देता येत नाही तर मी हे कुणासाठी भाजतेय?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "द्या की. पण ग्रॅममध्ये मोजा. कप-बिप चालायचं नाही."

झालं, माझ्या अंगात आलं. एका रविवारी वजनकाटा आणला, टेबलावर ठेवला आणि आई बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असताना बहिरा ताब्यात घेतला. लॅबमध्ये शिकवतात तसा मैदा चमच्याने हलकेच भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला, वजन केलं. एकशे चोवीस ग्रॅम. तीनदा केलं, तीनदा एकशे चोवीस. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या आहाराच्या तक्त्यातल्या आकड्याशी तंतोतंत. मग आईंना विचारलं, "बनला काय काय घालता?"

"चार कप मैदा. पावणेदोन कप पाणी. लोणी, मीठ, यीस्ट. मुंगीच्या बनात साखर फक्त यीस्टला जागं करायला, एक चमचा."

"बन किती होतात?"

"बारा. साच्यात बसतात तेवढे."

मी वहीत लिहिलं: मैदा चारशे शहाण्णव ग्रॅम, बन बारा, एका बनात कार्बोहायड्रेट सुमारे तीस ग्रॅम, दोन युनिट. खाली दोन रेघा मारल्या. इतकं सुरेख काम झालं होतं की मी वही नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "वा." कामावर निघायच्या घाईत तो कशालाही वा म्हणतो.

सोमवारी सकाळी आठला मुंगीने दोन युनिट घेऊन बन खाल्ला. दहाला तिच्या बाईंनी शाळेतून आकडा पाठवला. दोनशे नव्वद.

मंगळवारी तीनशे पाच. बुधवारी दोनशे ऐंशी. मी पुन्हा मैदा मोजला, एकशे चोवीस. सुई बदलली, मशीन बदललं, इन्शुलिनची नवी बाटली उघडली. दुसऱ्या कुठल्याही जेवणाला आकडे नीट येत होते, फक्त या बनला चढत होते. आठवड्याच्या शेवटी माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती आणि ती मी स्वयंपाकघरात बोलून मोकळी झाले.

"आई, खरं सांगा. तुम्ही हळूच साखर घालता ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालीस?"

"लाडापोटी घालत असाल, मला कळतं. पण हे लाड तिच्या जिवावर येतील."

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. म्हणाल्या, "मुंगीची शपथ घेऊन सांगते, एक दाणा जास्तीचा नाही." आणि समोरचं पीठ मळायला घेतलं. पाऊण तास मळत होत्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, हे आता लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टरीणबाईंनी दोन आठवड्यांचे आकडे बघितले. म्हणाल्या, "कधी कधी सकाळी जास्त लागतं. नाश्त्याला तीन युनिट करून बघू." केलं, आणि आकडे सरळ झाले. एकशे चाळीस, एकशे पन्नास. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा सोडून. गणित चुकीचं आणि उत्तर बरोबर, असं लॅबमध्ये झालं तर आम्ही ते मशीन बंद करून ठेवतो. घरात मी ते चालू ठेवलं. कारण आकडा मनासारखा येत होता, आणि मनासारख्या आकड्याला कोण कशाला छेडतो.

आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्या दोन दिवस तिकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "मुंगीचे बन कालच संपलेत. आल्यावर करते." मी म्हटलं, "वहीत सगळं लिहिलंय. मी करीन." त्यांनी वहीकडे एकदा बघितलं. मग चपला घालून निघाल्या.

मी बन केले. मैदा काट्यावर मोजला, चारशे शहाण्णव. पाणी बहिऱ्यानेच, पावणेदोन कप. तर पीठ असं सैल की हाताला नुसतं चिकटतंय, टेबलावर ठेवलं तर पसरतंय. दुसरी कुणी असती तर तिने मूठभर मैदा भुरभुरला असता. पण मी पडले शहाणी. वहीत नाही म्हणजे नाही. ते लिबलिबीत पीठ साच्यात ओतलं आणि भाजलं. बन बसकट झाले. सकाळी मुंगीने एक उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "आई, याच्यावर कुणीतरी बसलं होतं." आम्ही दोघी हसलो. तिने तीन युनिट घेतले, बन खाल्ला आणि उड्या मारत शाळेत गेली.

पावणेदहाला फोन वाजला. आकडा पाठवायचा असेल तर मेसेज येतो, फोन येत नाही. बाई म्हणाल्या, "ती घामाघूम झालीय. नाव विचारलं तर नुसती बघतेय. मशीन अठ्ठेचाळीस दाखवतंय. साखरेचं पाणी पाजतेय, तुम्ही या."

लॅब ते शाळा बारा मिनिटं लागतात. त्या बारा मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. पोचले तेव्हा मुंगी ऑफिसातल्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठांना साखर. बाईंनी मशीन माझ्यापुढे धरलं. ब्याण्णव. मुंगी म्हणाली, "मला तुझं नावच आठवत नव्हतं गं." मी तिला छातीशी धरलं आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "डोस तोच, बन तोच?"

"बन तोच. रेसिपी तीच."

"मग केला कुणी?"

केला मी होता. आजचा डोस तीस ग्रॅमच्या बनला जास्त होता. म्हणजे इतके दिवस बन तीस ग्रॅमचा नव्हताच. पण साखर नव्हती, तर मग त्यात होतं काय?

मुलाने कळवल्यावर आई दुपारी पहिली मिळेल ती गाडी धरून परत आल्या. आधी मुंगीला जवळ घेतलं, कपाळ चाचपलं, हात चाचपले, डोळ्यांत बघितलं. मग स्वयंपाकघरात येऊन उरलेल्या बनांपैकी एक हातात घेतला, तोलला, मधून तोडला.

"हे काय आहे?"

"बन."

"यात पीठ कुठाय?"

"चार कप घातले, आई. तुम्ही सांगितलेत तेवढेच."

"कसे भरलेस? दाखव."

मी बहिरा घेतला, मैदा भरला, सुरीची पाठ काठावरून फिरवली. वरचा मैदा डब्यात पडला. त्याबरोबर आईंनी हात मागे घेतला, जणू सुरी त्यांच्यावरूनच फिरली.

"माझ्या नातीला सपाट मापाने वाढलंस?"

मग त्यांनी कप माझ्या हातातून घेतला, डब्यात खुपसला, वर उचलताना मनगटाला एक झोका दिला आणि माझ्यापुढे धरला. मैदा काठाच्या वर टेकडीसारखा उभा होता. शीग. मापावर येते ती शीग. कुठलाही कप त्यांनी चौतीस वर्षांत शिगेशिवाय भरला नव्हता, आणि 'कप' म्हणताना शीग वेगळी सांगावी असं त्यांना कधी सुचलंही नव्हतं. त्यांच्या भाषेत शीग नसलेल्या कपाला कप म्हणतच नव्हते. वीसदा ऐकलेली मामीची गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आली. काखेत कळसा आणि मी सुया बदलत बसले होते. कप मोजला, हात मोजलाच नाही. बहिरी कोण होती ते कळलं.

"आई, मी तुम्हाला चोर म्हटलं," मी म्हणाले.

"म्हटलंस खरं." त्या म्हणाल्या. "पण शिगेचं मी तरी कुठे बोलले? माझ्याच हाताने तिला रोज जास्त देत होते की गं मी. तीनशे चढत होती ती माझ्यामुळे."

"मीठ पण शीग लावून घालता का?" मी घाबरून विचारलं. आता मला कशाचाच भरवसा वाटत नव्हता.

"मिठाला शीग नसते. औषधालाही नसते, एवढं कळतं मला." त्यांनी बहिरा टेबलावर ठेवला. "पण तिचं अन्नच औषध झालं असेल, तर मी काय करू?"

मी काटा पुढे ओढला. म्हटलं, तुम्ही नेहमीसारखा भरा, जे येईल ते मी लिहिते, हिशोब त्यावरून बसवू. त्यांनी भरला. एकशे ब्याऐंशी. पुन्हा भरला. एकशे एकोणपन्नास. मग एकशे सदुसष्ट. दर वेळी काट्याकडे बघायच्या आणि दर वेळी शीग एका बाजूने घसरायची. "कालची गोष्ट असती तर डोळे मिटून भरला असता," त्या म्हणाल्या. "आज भीती बसलीय हातात." शिगेला आकडा नसेल तर बनही नाही, आणि हे मला त्यांना तोंडावर सांगावं लागणार होतं.

मुंगी दारात येऊन उभी होती. "आजी, बन आता कायमचा बंद का?" तिने विचारलं.

आई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या बोटांच्या टोकांवर सुया टोचल्याचे काळे ठिपके आहेत, दहाही बोटांवर. मग त्यांनी बहिरा पुन्हा भरला. माझ्या हातातली सुरी बाजूला सारली. स्वतःची तर्जनी कपाच्या काठावर ठेवली, मान भिंतीकडे वळवली आणि बोट फिरवलं.

एकशे चोवीस. दुसऱ्यांदा एकशे चोवीस. तिसऱ्यांदा एकशे पंचवीस. त्या बोटाला सगळं येत होतं, पण ते आजवर त्यांनी कधी वापरलं नव्हतं.

मला वाटलं, संपलं. मी पेन उचललं. "थांब," त्या म्हणाल्या. खाली सांडलेला मैदा त्यांनी गोळा केला, एका वाटीत घातला, वाटी काट्यावर ठेवायला लावली. चमच्याने थोडा घातला, लांबून बघितलं, डोळे बारीक केले, आणखी चिमूटभर घातला. "एवढी. चांगल्या दिवशी एवढी असते. किती आहे?"

वाटीचं वजन वजा करून मी वाचलं, "सत्तेचाळीस."

"मग तेही लिही. वेगळ्या ओळीत."

"आई, एकत्रच लिहिते ना. एकशे एकाहत्तर."

"वेगळ्या ओळीत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मी लिहिलं.

मैदा, एका कपाला १२४. शीग, एका कपाला ४७. चार कपांचं गणित मांडलं, बाराने भागलं. एका बनात बेचाळीस ग्रॅम कार्बोहायड्रेट, तीन युनिट. डॉक्टरीणबाईंनी वहीचा फोटो बघून फोन केला. "आता बरोबर जमतंय. पण हे शीग म्हणजे कुठला पदार्थ?" मी म्हटलं, "मैदाच आहे, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीने तीन युनिट घेतले आणि बन खाल्ला. मी सुट्टी घेतली होती. आईंनी दुकानाची खिडकी उघडली नाही. आम्ही दोघी टेबलापाशी बसलो, मध्ये फोन. साडेनऊला त्या म्हणाल्या, "वाजला का?" मी म्हटलं, "अजून वेळ आहे." पावणेदहा वाजले तसा मी फोन जवळ ओढला. दहा वाजून चार मिनिटांनी मेसेज आला. एकशे छत्तीस.

मी आकडा मोठ्याने वाचला. "शिगेसकट?" त्यांनी विचारलं. "शिगेसकट," मी म्हटलं. त्या उठल्या, ओट्यापाशी गेल्या आणि बराच वेळ नळाखाली हात धुवत राहिल्या.

याला आता आठ महिने झाले. गिऱ्हाइकांचे बन त्या पूर्वीसारखेच करतात, मनगटाला झोका देऊन. मुंगीचे बन काट्यावर. चार वेळा बहिरा भरतात, चार वेळा मान भिंतीकडे वळवून त्यावरून बोट फिरवतात. मग वाटीत शीग मोजतात, चारदा, सत्तेचाळीस, आणि मैद्यावर ओतताना दर वेळी म्हणतात, "ही तुझी, मुंगे." मुंगी शाळेत असली तरी म्हणतात.